बिनतिखट मिरच्या

बायकोच्या गॅलरीतल्या मिरच्यांचं अख्ख्या बिल्डिंगनं कौतुक केलं, पण राहायला आलेल्या माझ्या ताईनं नाक मुरडलं. "नुसत्या दिसायला हिरव्यागार. तिखटाच्या नावानं बोंब!" बायकोनं सगळ्या मिरच्या वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरल्या आणि फ्रीझरचं दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा गुडघा टेबलावर आपटला. मी धावत जाऊन बर्फ आणला, रुमालात बांधून गुडघ्यावर दाबून धरला. हिरवट होता खरा, पण मला वाटलं, पुदिना असेल. थोड्याच वेळात ताई "आई गं, आग आग!" करत घरभर नाचायला लागली.

बायकोनं रुमाल हुंगला आणि अगदी गोड आवाजात विचारलं,


"काय हो वन्सं, झोंबल्या का?"