वरचा दिवा, खालचा दिवा

"कर तिसऱ्यांदा सुरू," मेट्रन म्हणाल्या. "याही वेळी दिसलं, तर तुझं खरं. नाही दिसलं, तर उद्यापासून कंपनीचा माणूस येईल. तू येऊ नकोस."

नव्या इंजिनियरने मान हलवली. तेवढ्यापुरती वॉर्डातल्या बाराही खाटांजवळ एकेक नर्स उभी केली होती. खाटेवरच्या माणसाची नाडी नर्सांच्या खोलीतल्या पडद्यावर दिसायची, ती एका संगणकामार्फत. मागच्या आठवड्यात वीज गेली, आली, आणि पडदा कोराच राहिला. नऊ वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. इंजिनियरला रुजू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

पण ती मुळाशी गेली होती. संगणकाला नेटवर्कची दोन कार्डं होती, एक वॉर्डाचं, एक ऑफिसचं. सुरू होताना जे आधी जागं होईल त्याला संगणक 'एक' म्हणायचा, आणि 'एक' म्हणजे वॉर्ड असं धरून चालायचा. सगळा रामभरोसे कारभार. तिने नियमच बदलला. वरच्या खाचेतलं ते वॉर्ड, खालच्या खाचेतलं ते ऑफिस, मग आधी कोणीही उठो. दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा सगळं दिसलं.

तिसऱ्यांदा पडदा कोरा राहिला.

मेट्रननी दाराकडे बोट दाखवलं. तरी इंजिनियर म्हणाली, "नियम चुकलेला नाही," आणि शेजारी संगणकाच्या खोलीत शिरली.

संगणकामागे रुग्णालयाचे जुने वायरमनमामा घाम पुसत उभे होते. "मी वेळेवर बदलल्या हो. तरी कसं काय गेलं?"

"काय बदललंत?"

"वायरी. वरच्या कार्डाचा दिवा आधी लागला तर आहे तसं राहू द्यायचं. खालचा आधी लागला की अदलाबदल. नऊ वर्षं करतोय. मागच्या आठवड्यात तेवढी दाढ काढायला गेलो, आणि घोटाळा झाला."

हसावं की कपाळावर हात मारावा, तिला कळेना. नव्या नियमाला ती अदलाबदलच नडली होती. तिने वायरी पुन्हा जागेवर लावल्या, वॉर्डाची वर, ऑफिसची खाली.

"मामा, आता हाताची घडी घाला. काहीही झालं तरी सोडायची नाही."

तिने बटण दाबलं. खालचा दिवाच आधी लागला. मामांचा हात सुटला. तिने डोळे वटारले, तसा तो निमूट परत गेला.

"आलं," पलीकडून मेट्रनचा आवाज आला. "बाराही दिसताहेत."

तिला आनंद झाला, आणि लगेच मामांचं वाईट वाटलं. नऊ वर्षांची त्यांची कामगिरी तिने एका दुपारी निकालात काढली होती.

"मनाला लावून घेऊ नका, मामा. पण यापुढे वीज गेली, तरी तुम्ही इथे असायची गरज नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मामांनी घडी सोडली. "मग रजेचा अर्ज तेवढा लिहून द्या. लेकीचं लग्न फोनवरच पाहिलं. नातवाला तरी जाऊन बघतो."