गोळ्या नियमित घेत नाही

१९०/११०.

"हा शेरा कुणाचा?" गोंदियाच्या डॉक्टरांनी कार्ड टेबलावर पुढे सरकवलं. महिन्यामागून महिना, बीपीच्या आकड्यांसमोर तेच निळं वाक्य : गोळ्या नियमित घेत नाही.

पुष्पांजलीने कार्ड जवळ ओढलं. आमगावजवळच्या एका गावची, घरोघरी बीपी मोजून गोळ्या वाटणारी आशा सेविका ती. शेजारी स्टुलावर बसलेली अनुसयाबाई तिची सासू; कार्ड तिचंच.

१६०/१००. त्या महिन्यात पुष्पांजलीने सासूला विचारलं होतं, "आई, गोळ्या खाऊन राहिल्या ना?"

"खाऊन राहिली तं."

"मग बीपी उतरत काऊन नाही?"

"मले का मालूम! तुह्या मशीनले विचार."

१७०/१०५. सासूचं तोंड गरगरीत झालं, हातपाय काड्या. पुष्पांजलीने गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली. बरोबर होती. म्हणजे फेकते. गावातल्या निम्म्या बाया फेकतात आणि खाल्ल्या म्हणतात. तिने शेरा लिहिला.

१८०/११०. तोच शेरा. दवाखान्यात जो तो आधी कार्ड वाचायचा, मग म्हातारीवर रागवायचा. पुढची तपासणी कुणी लिहिली नाही.

"माझा, साहेब," पुष्पांजली म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोळ्यांनी उतरणारं बीपी नव्हतंच हे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत कॅन्सरची गाठ आहे. तीच हार्मोन ओतत राहते. त्यानेच बीपी चढतं, चेहरा सुजतो. तेव्हाच पाठवलं असतं तर गाठ काढता आली असती. आता यकृतात गेली."

बाहेर.

बाक. बाकावर सासू. खाली फरशीवर सून.

"आई, तुम्ही खरं सांगत होत्या. अन् मी कार्डावर काय लिहीत होती, तुम्हाले मालूमच नव्हतं."

"चौथी शिकली आहो मी. पहिल्याच खेपेले वाचलं." अनुसयाबाईने पदर सारखा केला. "राग आला होता. दोन दिवस तुह्या हातची चाय नाही घेतली. तुह्या ध्यानातच नाही आलं."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"अंगणात गावच्या बाया बीपी मोजाले बसून होत्या. त्याईच्यासमोर तुले खोटी पाडली असती, तं तुह्या हातची गोळी कोनं खाल्ली असती?"