अठरा अंश

गॉर्डनने मोबाइलकडे पाहिलं आणि चहाचा कप बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून दिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ग्लेनिस, बाहेर ये! आपल्या घरात कुणीतरी घुसलंय."

ग्लेनिस गाऊनवरच धावत आली. घर म्हणजे इंग्लंडमधलं, रॉचडेलचं. स्पेनच्या किनाऱ्यावरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट फक्त नोव्हेंबर ते मार्चपुरता. तिकडचं गॅसवरचं हीटिंग बंद ठेवलं की जे वाचतं त्यात इथलं अर्धं भाडं सुटतं, असा म्हातारा-म्हातारीचा साधा हिशोब. पाइप गोठू नयेत म्हणून तिथं तेवढे सात अंश ठेवलेले. लोक सकाळी राशिभविष्य वाचतात, गॉर्डन मोबाइलवर रिकाम्या घराचं तापमान बघायचा, "सात!" असं मोठ्यानं म्हणायचा आणि खुशीत टोस्टला लोणी फासायचा.

आज चौदा होते.

"काहीतरी बिघडलं असेल," ग्लेनिस म्हणाली.

"बिघडतंय कसलं! काल संध्याकाळी कुणीतरी हातानं वाढवलंय. माझा गॅस जाळतोय हरामखोर! थांब, आधी इथूनच बंद करतो. कुडकुडू दे लेकाला. मग पोलिसांना फोन."

त्याचा अंगठा बटणावर टेकणार, तोच ग्लेनिसनं मोबाइल हिसकावून घेतला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, बोटानं वरखाली केला.

"चोर असता तर पंचवीसवर नेलं असतं," ती म्हणाली. "त्याच्या बापाचं काय जातंय? चौदा कोण ठेवतं, गॉर्डन?"

चौदा त्याच्याच घरात ठेवत. हिवाळ्यात कुणी थंडीची कुरकुर केली की तीस वर्षं त्याचं एकच उत्तर असायचं, मोजे घाल.

"आणि हे बघ. आज सकाळी गरम पाणी चालू होतं. सहा दहाला सुरू, सहा पस्तीसला बंद." तिचा आवाज चिरकला. "पंचवीस मिनिटं अंघोळ करणारा चोर जगात एकच आहे."

एड्रियन! त्याच्या अंघोळीपायी गॉर्डननं बाथरूमच्या दारावर किती चपला झिजवल्या असतील. "गॅस काय तुझ्या आजोबाच्या खाणीतून येतो का रे?" असं ओरडत दार बडवायचं, आणि आतून पोरगं गाणं म्हणत राहायचं.

तोच एड्रियन ऑगस्टमध्ये बॅग घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. एकाच महिन्यात नोकरी गेली होती आणि बायकोही सोडून गेली होती. काही दिवस राहू का, एवढंच त्यानं विचारलं. गॉर्डन म्हणाला, "चाळिशीच्या घोड्याला बापाचं घर कशाला लागतं?" पोरानं बॅग उचलली, ती उचललीच. तेव्हापासून फोन बंद. नाताळ गेला, साधं कार्डसुद्धा आलं नाही. भाजी चिरता चिरता ग्लेनिस मध्येच विचारायची, "कुठं झोपत असेल रे?" आणि गॉर्डन रेडिओ मोठा करायचा.

"किल्ली कुठून मिळाली त्याला?"

"मागच्या दारी, कुंडीखाली ठेवून आले होते मी."

"मी बजावलं होतं, बाहेर किल्ली ठेवायची नाही म्हणून."

"हो. म्हणूनच तुला सांगितलं नाही."

गॉर्डन प्लॅस्टिकच्या खुर्चीत मटकन बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं. त्यानं नाक पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग पुसायचं सोडून दिलं.

"डोक्यावर छप्पर आहे," तो म्हणाला.

"आहे ना. गरम पाणीसुद्धा आहे." ग्लेनिस रडत होती आणि हसतही होती. पाच महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. "बोल की त्याच्याशी."

"फोन बंद ठेवलाय त्यानं. आणि लागला तरी काय बोलू? कुठल्या तोंडानं?"

त्यानं मोबाइल परत घेतला आणि चौदाचे वीस केले.

ग्लेनिस बघतच राहिली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण या माणसाच्या घरात वीस अंश कधी झाले नव्हते. तिकडे जिन्याजवळच्या भिंतीवर हीटिंगचं बटण होतं, त्यावर आता वीसचा आकडा उजळला असणार.

मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मोबाइलवर वीसचे पुन्हा चौदा झाले.

"अरे गाढवा!" गॉर्डन ओरडला.

"कुणावर गेलाय?" ग्लेनिस म्हणाली.

गॉर्डननं पुन्हा वीस केले. या वेळी जरा जास्त वेळ लागला. दोघं एकाच पडद्यावर डोकी जोडून बसली. तिकडे त्या भिंतीसमोर तोही असाच उभा असेल, अंगात बापाचा जुना स्वेटर घालून. आकडा हलला. सोळा.

"घासाघीस करतोय बघ," गॉर्डन म्हणाला. त्यानं वीस केले.

कठड्यावरचा चहा कधीच गार झाला होता. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

अठरा.

गॉर्डनचा अंगठा पुढे झाला, तिथंच थांबला आणि मागे आला. आकडा तसाच राहिला.

"ठीक आहे," तो मोबाइलला म्हणाला. "पण मोजे घाल."