कापलेला कोपरा

"तू जे कापलंस ना, तेच बघायचंय मला," कमळाकाकी म्हणाली आणि स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या, देवळात शिरताना काढतात तशा.

विनीतने संगणक चालू केला. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. अकरा दिवसांपूर्वी भाट्याच्या किनाऱ्यावर त्याने वाडीच्या गणपतीच्या विसर्जनाचं शूटिंग केलं होतं. चौघांनी मूर्ती पाण्यात नेली आणि तिघे परत आले. चौथा काकीचा गौरव. तो दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी सापडला. विनीतने वाडीच्या ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओत गौरव रिकामा पाट घेऊन खाली वाकतो आणि डावीकडे चित्राबाहेर जातो. एवढ्यावरून लोकांना बोलायला मिळालं. प्यायला होता, झोकांडी गेली, असं जो तो सांगू लागला.

"माजा पोरगा प्यायला नव्हता," काकी म्हणाली. "पाटावर वाळू घेऊन घरी यायचं काम त्याचं. वाळू घ्याया वाकला तो. मंग सरळ उभा ऱ्हायला का पडला, तेवढं दाखव. उद्या तेराव्याला मानसं येतील. त्यांच्यासमोर मला मान वर करून बसायचंय."

विनीतच्या मागे टेबलावर त्या दिवशी वापरलेली लेन्स ठेवलेली होती. कुठल्याशा वाहिनीच्या मोठ्या कॅमेऱ्याची जुनी झूम लेन्स, मुंबईहून भंगारातून आणलेली. आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून त्याने लेथवाल्याकडे आठ खेपा घालून कडं कातून घेतलं होतं. किनाऱ्यावर उभं राहून होडीतल्या माणसाची मिशी दिसते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. काकीनेही ते चारदा ऐकलं होतं. खोड एकच होती. वाहिनीचा कॅमेरा मोठा असला तरी त्यातली चित्र टिपणारी चिप लहान, लेन्स तिच्यासाठी घडवलेली; आणि याच्या छोट्या कॅमेऱ्याची चिप मोठी. त्यामुळे चित्र मधोमध गोल यायचं आणि चारी कोपरे काळे राहायचे. लेन्सवरचा एक खटका ओढला की चित्र पसरून कोपरे भरत, पण उजेड पावपट होई. त्या संध्याकाळी सूर्य बुडत आला होता. विनीतने खटका ओढलाच नाही. कोपरे नंतर कापून टाकू, म्हणाला. नेहमी तसंच करायचा.

त्याने न कापलेलं चित्र लावलं. गौरव वाकला. पाट पाण्याला टेकला. ग्रुपवरच्या व्हिडिओत गौरव इथेच चित्राबाहेर जात होता. न कापलेल्यात आणखी दीड पाऊल मिळालं. मग त्याचा खांदा काळ्यात गेला, डोकं गेलं, पाट धरलेला हात गेला. मधोमध मूर्ती डुलत राहिली आणि मोरयाचा गजर चालूच राहिला.

"थांबव," काकी म्हणाली. "तिथं काळोख हाय. उजेड कर."

"काकी, तो काळोख नाही. तिथे चित्रच आलेलं नाही. लेन्स तेवढं बघतच नाही."

"सानिकाच्या लग्नात मांडवातली लाइट गेली, तवा केलास ना उजेड? माज्या लेकीचं तोंड दिसलं. आता लेकाचं दाखव."

विनीतने उजेड वाढवला. काळं होतं ते राखाडी झालं आणि त्यात दाणे वळवळू लागले, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. काकी स्टूल ओढून पुढे सरकली. तिने पदराने पडदा पुसला आणि नाक टेकेल इतक्या जवळून पाहू लागली.

"त्यो बग. उभा हाय."

तिथे काहीच नव्हतं. विनीतला ते पक्कं ठाऊक होतं, पण त्याला खात होतं ते दुसरंच. गौरव गेला तेव्हा विनीत कॅमेऱ्याला डोळा लावून मूर्तीचा मुकुट नीट येतोय का ते बघत होता. पोरगं कधी गेलं ते त्याला कळलंच नव्हतं. निदान उद्या तरी हिची मान वर राहू दे, त्याला वाटलं. एका शब्दाने कुणाचं काय जाणार होतं?

"हो काकी, दिसतोय. सरळ उभा आहे. पडलेला नाही."

"मी म्हनतच होते." काकीने डोळे पुसले. मग पुन्हा वाकून तिने त्या मुंग्यांवर बोट ठेवलं. "आनि ह्यो हात. वर केलाय ना त्यानं?"

आता मागे फिरणं विनीतला जमेना. "हो," तो म्हणाला.

काकी सावकाश त्याच्याकडे वळली. तिचा आवाज जराही चढला नाही.

"तुज्या त्या लेन्समधनं मानसाची मिशी दिसते. मंग माज्या पोराचा हात दिसला, तर तू हाक का नाय मारलीस?"