रंगाचे तीन हात

दिवा पेटला, काटा मात्र हलला नाही.

"मेल्या, हल की!" ठिणगी डॅशबोर्डला म्हणाली. लागोपाठ दोनदा फ्यूज उडवल्यापासून घरात सगळे तिला ठिणगीच म्हणत.

सकाळपासून तिचं डोकं त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डखाली होतं. डिझेलचा काटा, तापमानाचा काटा, ऑइल प्रेशरचा काटा, तिघेही शून्यावर मुक्काम ठोकून बसलेले. वायरी नव्या, फ्यूज नवा. बल्बला दोन वायरी जोडून तिने तपासायचा दिवा केला होता, तो प्रत्येक मीटरपाशी लख्ख पेटत होता. म्हणजे करंट येत होता. येऊन नुसता बघत उभा राहत होता.

आत्या सीटवर हाताची घडी घालून बसली होती. "मी म्हणते, काटे हवेतच कशाला? इंजिनाचं मला कानाने कळतं."

बाबा शेडमध्ये आले आणि वळसा घालून बहिणीच्या बरोबर समोर उभे राहिले. हल्ली आत्याशी बोलायचं तर समोर यावं लागे. पाठीमागून बोललेलं हवेत विरून जायचं.

"कानाने? ताई, गुरुवारी ऑइल संपलं होतं. इंजिन पत्रा बडवल्यासारखं वाजत होतं. तीन शेतं ओलांडून लोक धावत आले, आणि तू आपली नांगरतेच आहेस!"

"मी विचारात होते."

"कसल्या?"

"तुझं कसं होणार, ह्याच्या!"

ठिणगी फिस्सकन हसली. बाबा नाही हसले. "अंधार पडायच्या आत काटे चालले तर ट्रॅक्टर तुझा. नाहीतर उद्यापासून मी चालवणार."

"तू? तू रिव्हर्स घेतलास की कोंबड्या गाव सोडतात."

बाबा पाय आपटत बाहेर गेले. आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गेले आणि तिथेच घट्ट झाले, कुणी ओढून नेतंय की काय असे.

ठिणगीने ते पाहिलं आणि पुन्हा आत डोकं घातलं. दिव्याची एक वायर ती पहिल्यापासून थेट बॅटरीला लावत होती. नेमकी आता ती निसटली. परत तिथवर हात लांबवणं जिवावर आलं, म्हणून वैतागून तिने ती डॅशबोर्डच्याच एका बोल्टला अडकवली.

दिवा पेटेना.

दुसऱ्या बोल्टला लावली. पेटेना. तिसऱ्याला. मिट्ट अंधार.

"अगं बाई!" तिने बोल्टवर नख रोवलं. नखात लालभडक रंग आला, सायीसारखा जाड. "आत्या, हा रंग कुणी दिलाय?"

"मी! अख्खा डॅशबोर्ड उतरवून. तीन हात दिलेत. पुढून, मागून, बोल्टच्या खालून. कारखानासुद्धा देणार नाही असा!"

"बोल्टच्या खालून कशाला?"

"गंज तिथूनच लागतो. शाळेत शिकवतात काय तुम्हाला?"

ठिणगीने कपाळावर हात मारून घेतला. कपाळ लाल झालं. "करंट मीटरपर्यंत येतो आणि ह्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. रंगातून जात नाही! तू त्याच्या परतीच्या वाटेवर भिंत बांधलीस. खरवडायला लागेल."

"खबरदार."

"नखाएवढा!"

"एक ओरखडा उठू दे, तुझं सालटं काढते."

"मग देऊन टाक किल्ली बाबांना!" ठिणगी अगदी समोर जाऊन ओरडली, ओठ नीट दिसतील अशी. "रंग ठेव, ट्रॅक्टर दे!"

आत्याने पाना उचलून तिच्याकडे असं पाहिलं, की ठिणगीला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. पण आत्याने पाना बोल्टला लावला आणि स्वतःच तो सैल केला.

"हळू खरवड," ती म्हणाली. "आणि मला दाखवू नकोस." मग मान वाकडी करून शेवटच्या टवक्यापर्यंत बघत राहिली.

रंगाखालून पांढरा पत्रा चमकला. बोल्ट पुन्हा आवळला. किल्ली फिरली तसा डिझेलचा काटा थरथरला आणि उठून अर्ध्यावर गेला. इंजिन धडधडलं. ऑइलच्या काट्याने टुणकन उडी मारली. ठिणगीनेही मारली, आणि स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं.

आत्या उतरून डॅशबोर्डच्या बाजूला उभी राहिली. "बघ! पहिल्यापासून सांगतेय, माझ्या रंगाचा दोष नाही!" ती इंजिनाच्या वरताण ओरडली.

बाबा पलीकडून, आत्याच्या पाठीमागून आले. ठिणगीकडे बघत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढला.

धडधड थांबली. शेडमध्ये एवढी शांतता झाली, की पत्र्यावर चालणारा कावळा ऐकू आला. त्या शांततेत आत्या ओरडतच होती. "उद्या वरच्या शेतापासून धरते! सांग तुझ्या बापाला! म्हणावं, घरी बस!"

ठिणगीला तिच्याकडे बघवेना. बाबांचा हात किल्लीकडे निघाला होता.

तेवढ्यात आत्याची नजर मीटरवर गेली. ऑइलचा काटा खाली येत येत शून्यावर टेकला. तिचा आवाज मध्येच थांबला. ती वळली, थेट बाबांकडे.

"कोणी बंद केलं रे?"

बाबांचा हात होता तिथेच राहिला. मग त्यांनी तो उगाचच केसांतून फिरवला.

आत्याने बाहीने मीटरच्या काचेवरची धूळ पुसली. ठिणगीच्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "ह्याच्यामागे एक दिवा बसव. काटा रात्रीचापण दिसला पाहिजे."