सुपारीचं खेळणं

सुपारीसाठी मालनने काय काय केलं नव्हतं. फॉल-पिकोच्या कामातली रिकामी रिळं दोऱ्यात ओवली, जुन्या मोज्यात चिंध्या भरून उंदीर केला, किराण्याच्या खोक्याला भोकं पाडली. विकतचं खेळणं परवडणारं नव्हतं आणि फुकटचं या मांजरीला पसंत पडत नव्हतं.

पण हल्ली शिलाई मशीन सुरू झालं की सुपारी पलंगावर सासऱ्यांच्या पायाशी दबा धरून बसे. मालनने मशीन थांबवून पाहिलं की तिथं काहीच नसे.

"अण्णा, ही काय बघत असते हो तिथं?"

"तिलाच विचार," अण्णा छताकडे बघत म्हणाले. उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचे शब्द जड झाले होते.

आज मालनने युक्ती केली. मशीन कापडाशिवाय नुसतंच चालू ठेवलं आणि हळूच मान वळवली. चादरीखाली काहीतरी वळवळलं. सुपारीने झेप घेतली. पुन्हा वळवळ, पुन्हा झेप. अण्णा गालातल्या गालात हसत होते.

पायाचा अंगठा हलवून खेळवतायत होय, म्हणून मालनलाही हसू आलं. मग तिचं लक्ष अण्णांच्या डाव्या पायाकडे गेलं. धडधाकट तो एकच, आणि तो तर चादरीबाहेर स्वस्थ पडला होता.

मशीन थांबलं.

"एवढ्यात कुणाला बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "अजून नुसता अंगठाच ऐकतो. सुपारीला तेवढा पुरतो."