दुपारचं गिऱ्हाईक

मृत्युंजयचे अण्णा दुपारी जेवून टीव्हीवर बातम्या लावायचे, तेवढ्यात घरापुढच्या त्यांच्याच दुकानाची वायफायवाली बेल घरात वाजायची. धावत जावं, तर दुकानात चिटपाखरू नसायचं! अण्णा पार वैतागले.

शेवटी मृत्युंजयनं वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर लावून घरच्या वायफायवरची सगळी ये-जा टिपली आणि फिल्टर लावून बेलचे संदेश वेगळे काढले. बेल बिचारी निर्दोष होती. तिचा जुनाच संदेश कुणीतरी रोज दुपारी पुन्हा सोडत होतं, तेही त्याच्या धाकट्या बहिणीच्या, शिवांजलीच्या लॅपटॉपवरून!

आजही बेल वाजली, अण्णा दुकानाकडं पळाले. मृत्युंजय तणतणत आत गेला. टीव्हीवर मालिका रंगात आली होती.

रिमोट मांडीवर घेतलेली आई म्हणाली, "वरडू नको रे. शिवांजली, अजून एकदा वाजीव गं, आज मालिकेत लगीन हाय."